सतरा नंबरचा आवाज

"मॅडम, काठाला काय म्हणायचं?" रूपाली हावळनं मला मराठीत विचारलं.

"परीक्षा चालू आहे. मराठी नाही," मी म्हणाले.

टेबलावर चित्र होतं. जर्मनीतल्या कुठल्याशा गावचा आठवडी बाजार. फळवाली, कुत्र्याला ओढत नेणारा म्हातारा, सायकल हातात धरून उभी बाई, कोपऱ्यात टेबलावर चादरी मांडून बसलेला एक जाडा माणूस. हे चित्र मी बावीस वर्षं मुलांपुढे ठेवत होते आणि त्याआधी विद्यार्थिनी म्हणून स्वतःही त्याच्यासमोर बसले होते. चित्रावर पाच मिनिटं बोलायचं, की तृतीय वर्षाची जर्मनची तोंडी परीक्षा संपली. मुलं फळांची नावं सांगत, रंग सांगत, हवा छान आहे म्हणत आणि सुटत.

रूपाली फळांकडे गेलीच नाही. ती थेट चादरीवाल्याकडे गेली. हे कापड हातमागाचं नाही, ती जर्मनमध्ये म्हणाली, हे नव्या यंत्राचं आहे. कशावरून? तर त्याचा काठ बघा. काठाला शब्द सापडेना, म्हणून तिनं 'ऊफर' असा शब्द वापरला. ऊफर म्हणजे नदीचा काठ. शेजारी बसलेले बाहेरगावचे परीक्षक खाली मान घालून हसले. ती पुढे निघालीच होती. जुन्या यंत्रात, ती म्हणाली, धागा घेऊन एक छोटी होडी इकडून तिकडे जाते. नव्यात होडी नाही. म्हणून काठाला दोऱ्यांची टोकं सुटलेली दिसतात. एकाही नामाचं लिंग धड नव्हतं. क्रियापदं वाटेल तिथे पडत होती.

"थँक यू," मी तिला मध्येच थांबवलं. "पुरे."

दहापैकी तीन दिले. पास व्हायला चार लागायचे, आणि तोंडी परीक्षेत वेगळं पास व्हावंच लागायचं. परीक्षकांनी माझा आकडा बघून खाली सही केली. त्यांना चारची बस होती.

दोन हजार नऊचा एप्रिल होता तो. मी पंचेचाळीस वर्षांची होते आणि थकले होते. अंगानं नव्हे. तीच चूक हजाराव्यांदा लाल शाईनं खोडताना माणूस थकतो, तशी.

निकाल लागल्यावर रूपाली विभागात आली. इचलकरंजीची मुलगी. वडील दुसऱ्याच्या मागावर कामाला. आमच्याकडच्या बऱ्याच मुलींसारखी तीही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची.

"मॅडम, मी एका मार्कानं राहिलो," ती म्हणाली. "आमच्या इथल्या एका मिलमध्ये जर्मनीचे माग येणार आहेत. जूनमध्ये त्यांचे इंजिनिअर येणार जोडायला. मालक म्हणालेत, दुभाषी म्हणून घेतो, पण डिग्रीचा कागद दाखव."

"मग ऑक्टोबरला पुन्हा बस."

"ऑक्टोबरपर्यंत ते जोडून परत जातील की."

"रूपाली, तीन वर्षांनंतरही तुला नामाच्या लिंगाप्रमाणे डेर, डी, दास लावता येत नाही. आमच्या वेळी असली मुलगी पहिल्या वर्षाच्या पुढे गेली नसती. आमच्या वर्गातली मुलं पाच मिनिटं चित्रावर न अडखळता बोलायची."

ती वाद घालायला आलेली नव्हती. "होय मॅडम," म्हणाली आणि गेली.

त्याच आठवड्यात आमचे विभागप्रमुख डॉ. विद्याधर आळतेकर यांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक खोकं होतं, बुटांचं असतं तसं, आणि त्यात कॅसेट. त्यावरचं रामतीर्थकर सरांचं अक्षर मी लांबूनही ओळखलं. ते आमच्या विभागाचे पहिले प्राध्यापक. दर पाच वर्षांनी तृतीय वर्षाच्या सगळ्या तोंडी परीक्षा ते टेप करून ठेवायचे आणि लेखी, ऐकण्याच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठेही जपायचे. निवृत्त झाले आणि ते बंद पडलं. या वर्षी आळतेकरांच्या हुकमावरून आम्ही पुन्हा रेकॉर्डिंग केलं होतं.

"हे बघा चिपरीकर मॅडम," आळतेकर म्हणाले, "ऑगस्टमध्ये समिती येतेय. मला तीन वर्षांची पदवी बंद करून सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स काढायचाय. पण नुसतं मुलं कच्ची आहेत म्हणून कोण ऐकतं? पुरावा पाहिजे. जुन्या आणि नव्या मुलांना एकाच मापानं मार्क द्या. चित्र तेच, प्रश्न तेच. पंचवीस वर्षांत किती घसरण झाली, आकड्यात दाखवा."

"मी एकटीनं?"

"तुमच्याइतकं कडक कोण आहे?" ते हसले. "आणि जरा विचार करा, मातृभाषेत 'मी आलो' म्हणणारी मुलगी जर्मनची तीन लिंगं काय सांभाळणार?"

मीही हसले. हे मी लपवणार नाही.

मे महिनाभर मी भाषा-प्रयोगशाळेत बसून होते. खिडक्या बंद, कारण बाहेर रस्त्याचं काम. डोक्यावर पंखा गरम वारा ढवळत होता. हेडफोननं कान ओले व्हायचे. आधी या वर्षीच्या मुलांचे लेखी पेपर आणि टेप संपवल्या, मग एकोणऐंशीची तुकडी काढली, मग चौऱ्याऐंशीची. चौऱ्याऐंशीची म्हणजे माझी. कॅसेटवर नावं नव्हती. सर टेप सुरू करून फक्त आकडा म्हणायचे. "नंबर एक." मग पोराचा घसा खाकरल्याचा आवाज. कुठला नंबर कोणाचा, याची वही सरांकडे होती आणि सर ती घेऊन सांगलीला मुलीकडे राहायला गेले होते.

मला उत्सुकता होती, कबूल करते. थकलेल्या माणसाला आपण एकेकाळी कसे होतो हे ऐकायचा मोह होतो. बाराव्या नंबरला मी ताठ होऊन बसले. मुलीचा आवाज, स्वच्छ, जरा घाईचा. म्हाताऱ्याचा कुत्रा त्याला बाजारात आणतोय की तो कुत्र्याला, असं काहीतरी गमतीदार बोलली आणि मागे रामतीर्थकर सर चक्क हसलेले ऐकू आले. लिंगं बिनचूक. मी टेप मागे नेऊन पुन्हा ऐकलं. अशी बोलायचे मी? नऊ दिले. दहा द्यायला लाज वाटली, स्वतःलाच कसे देणार.

बाकीची तुकडी मात्र मला वाटली होती तशी नव्हती. अडखळणारी, पाठ केलेली वाक्यं म्हणणारी, मध्येच गप्प होणारी. वाटलं, टेप खराब झाल्यात. सतरा नंबर तर ऐकवेना. एक मुलगी जाडसर, कापऱ्या आवाजात फळवालीला पुल्लिंगी करून टाकत होती. सायकलीचा शब्द आठवेना, तर 'दोन चाकांचा घोडा' म्हणाली. चुकायची, पुन्हा मागे जायची, दुरुस्त करताना आणखी चुकायची. वैताग आला. तीन दिले आणि शेजारी लिहिलं, 'नापास.'

जूनच्या पहिल्या आठवड्यात तक्ता तयार झाला. लेखी परीक्षेत घसरण होती, भरपूर होती. आताच्या मुलांना चार ओळींचं पत्र शुद्ध लिहिता येत नव्हतं. पण ऐकून समजण्यात आताची मुलं पुढे होती. घरी संगणकावर काय काय ऐकत असतील. आणि बोलण्यात? बोलण्यात जुनी आणि नवी मुलं जवळपास सारखीच निघाली. मी बेरीज तीनदा केली.

नंबरांची नावं मिळवायला मी सांगलीला गेले.

रामतीर्थकर सर तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे होते. कृष्णेच्या बाजूला मुलीच्या घराच्या मागच्या खोलीत राहायचे. कानाला यंत्र लावलेलं.

"ये गं सुमेधा," ते म्हणाले. "वाळलीस. चहा घेणार की सरबत?"

"काहीही चालेल सर. वही आहे ना?"

"वही आहे. मी आहे म्हणजे वही आहे."

त्यांनी कपाटातून लांबट वही काढली, चौऱ्याऐंशीचं पान शोधलं. मी माझे आकडे वाचायचे आणि ते नाव सांगायचे, मी लिहून घ्यायचे. अकरापर्यंत आलो.

"बारा," मी म्हणाले. आवाज साधा ठेवला. "नऊ दिलेत."

"मीही नऊच दिले होते." सर खूश झाले. "कुमुद शेटे. काय बोलायची पोरगी! तुझ्याच बाकावर बसायची ना? लग्न करून हुबळीकडे गेली. पुढे जर्मनचं नाव घेतलं नाही म्हणे तिनं."

मी लिहिलं, कुमुद शेटे. माझं अक्षर बिघडलं. कुमुदचा आवाज कसा होता हेसुद्धा मी विसरले होते. फक्त तो चांगला होता एवढंच कुठेतरी राहिलं असणार, आणि ते मी माझ्या नावावर जमा करून टाकलं होतं.

मग उरलेल्या नंबरांत मी कुठे आहे? पुढचे चार आकडे मी वाचले, त्यांनी नावं सांगितली. चारही मुलं, मुलगे.

"सतरा," मी म्हणाले.

सरांनी पानावर बोट ठेवलं आणि वर बघितलं. "काय थट्टा करतेस?"

"का?"

"सतरा तूच की. सुमेधा चिपरीकर. किती दिलेस?"

चहा आला होता. त्यांच्या मुलीनं कप ठेवला, बिस्किटं ठेवली, उन्हाबद्दल काहीतरी बोलली. ती जाईपर्यंत मी थांबले.

"तीन," मी म्हणाले.

सर जोरात हसले, मग माझा चेहरा बघून थांबले. "अगं, बरोबर आहे. तीनच्या लायकीचंच होतं ते. तुला तेव्हा सर्दी झालेली, आवाज घोगरा, आणि घाबरलेली किती! मी सहा दिले."

"का पण?"

"आता ते काय आठवणार मला?" त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. "शेरा लिहिलाय बघ. 'चुकते. पण थांबत नाही.'" वही मिटून त्यांनी मांडीवर ठेवली. "सहा नसते दिले तर एम. ए.ला प्रवेश नसता मिळाला तुला. पंचावन्न टक्क्यांची अट होती ना."

मी चहा प्यायले. बिस्किट खाल्लं. सरांनी विभागाची चौकशी केली, आळतेकरांची केली. मी उत्तरं दिली. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले आणि मिरजेपर्यंत काहीही विचार केला नाही. मिरजेच्या पुढे रूपाली हावळ आठवली.

दुसऱ्या दिवशी तिची टेप पुन्हा लावली. पाच मिनिटांची परीक्षा होती. मी तिला तीन मिनिटं वीस सेकंदांना थांबवलं होतं. मोठा शब्दकोश घेऊन एकेक शब्द पाहिला. ऊफर चुकीचं होतं. पण मागाच्या धोट्याला, ज्याला ती 'छोटी होडी' म्हणाली होती, जर्मन विणकर खरोखरच छोटं जहाज म्हणतात. शब्दकोशात तसंच छापलेलं होतं. तिला ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. तिनं धोटा बघितला होता आणि सुचेल ते म्हणाली होती. त्यावर मी लाल फुली मारली होती.

आळतेकरांना मी अहवाल दिला तो होता तसाच दिला. लेखन घसरलं, समज वाढली, बोलणं जिथल्या तिथे.

"हे काय आहे?" ते म्हणाले. "तुम्ही स्वतः म्हणत होता, आमच्या वेळी असं होतं नि तसं होतं."

"म्हणत होते. ऐकल्यावर तसं निघालं नाही."

"मग बोलण्याचा तक्ता गाळा. लेखी पुरेसं आहे."

"तक्ता गाळलात तर माझं नावही गाळा सर."

त्यांनी माझं नाव गाळलं. समितीपुढे लेखी परीक्षेचे आकडे गेले. दोन वर्षांनी पदवीचा अभ्यासक्रम बंद झाला आणि मी सहा महिन्यांच्या कोर्सला 'माझं नाव अमुक आहे' शिकवू लागले. भांडायला हवं होतं का? कदाचित. पण मी भांडून मोकळी झाले असं चित्र मला इथे उभं करायचं नाही. एवढं बोलले, तेही घाम फुटून बोलले.

रूपालीसाठी मात्र परीक्षा विभागात गेले. तिथल्या कारकुनानं माझा अर्ज दोनदा वाचला.

"मॅडम, फेरतपासणीचा अर्ज विद्यार्थ्यानं करायचा असतो."

"मूल्यमापन माझं आहे आणि ते चुकलंय. रेकॉर्डिंग आहे. दुसऱ्या कोणाकडून ऐकून घ्या."

"पण परीक्षकानं स्वतःच्या विरुद्ध अर्ज करायचा नमुनाच नाही आमच्याकडे."

तरी त्यानं अर्ज ठेवून घेतला. जुलै गेला, ऑगस्ट गेला. मी दर सोमवारी जायचे. कधी साहेब रजेवर, कधी फाईल दुसऱ्या टेबलावर, कधी बाहेरच्या परीक्षकाचं पत्र यायचं. शेवटी दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या एका प्राध्यापिकेनं टेप ऐकून पाच मार्क दिले. नवी गुणपत्रिका निघाली. पोस्टानं पाठवता आली असती. मी ती घेऊन इचलकरंजीला गेले.

घरी तिची आई भेटली. रूपाली मिलमध्ये आहे म्हणाली. मला आनंद झाला. मिल म्हणजे तीच, जर्मन मागांची. फाटकावर नाव सांगितलं, आणि मला कापड तपासायच्या हॉलमध्ये नेलं. मागांचा खडखडाट तिथपर्यंत येत होता. मोठ्या तिरप्या टेबलांवर पांढरं कापड हळूहळू सरकत होतं, खालून दिवे लावलेले, आणि दहाबारा बायका त्यातले तुटलेले धागे, गाठी शोधून खडूनं खुणा करत होत्या. रूपाली तिसऱ्या टेबलावर होती.

"मॅडम?" ती धावत आली. "तुम्ही कशा काय इकडं? बसा की. इथं खुर्ची पण नाही बघा."

आम्ही दाराबाहेर, पाण्याच्या टाकीजवळ उभ्या राहिलो. मी तिला गुणपत्रिका दिली. तिनं ओढणीला हात पुसून ती घेतली आणि बराच वेळ वाचली.

"पास?"

"पास. माझी चूक होती, रूपाली. मी तुला कमी मार्क दिले होते."

"असू दे मॅडम." ती घाईनं म्हणाली, जणू मलाच सावरायचं होतं. "होतं असं."

"ते इंजिनिअर आले होते?"

"आले होते की. तीन आठवडे होते. पुण्याचा एक मुलगा आणला होता मालकांनी दुभाषी म्हणून. चांगलं बोलायचा, एकदम फाडफाड. पण त्याला मागातलं काही कळत नव्हतं. एकदा तो म्हातारा इंजिनिअर म्हणत होता, ताण कमी करा, धागे तुटतात. ह्यानं सांगितलं, वेग कमी करा. दोन दिवस वेग कमी करून बसले सगळे. तरी धागे तुटायचेच."

"तुला कळलं होतं?"

"मी इथंच होतो ना, ह्याच टेबलावर. सगळं ऐकू येत होतं."

"मग सांगितलं नाहीस?"

तिनं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "तोंडापर्यंत आलं होतं. पण तुम्ही म्हणायचात ना मॅडम, चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. ताण म्हणजे डेर का डी, तेच आठवेना मला."

मी तसं म्हणाल्याचं मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण मी म्हणाले नसेन असंही मला म्हणता येईना. बावीस वर्षांत कितीदा, कुणाकुणाला.

"रूपाली," मी म्हणाले, "मी तुझ्याएवढी असताना याच चित्रावर बोलले होते. तीही टेप मी यंदा ऐकली. कोण आहे ते न कळता ऐकली. मी स्वतःला तीन मार्क दिले."

तिनं वर बघितलं. आधी तिला कळलं नाही, मग कळलं, आणि तिला हसू आलं. ते दाबायला तिनं ओढणी तोंडावर धरली. मीही हसले. बाजूनं जाणाऱ्या बाईनं आमच्याकडे बघितलं.

"मग तुम्ही नापास झाला होता?"

"नाही. आमच्या सरांनी तेव्हा सहा दिले होते."

"तुम्ही एवढं चुकला, तरी?"

"तरी."

आतून कुणीतरी तिला हाक मारली. तिचं टेबल तसंच चालू राहिलं होतं आणि कापड न तपासता पुढे जात होतं. तिनं गुणपत्रिका कमरेच्या पिशवीत नीट ठेवली.

"चांगले होते तुमचे सर," ती म्हणाली, आणि पळत आत गेली. दोन्ही हातांनी कापड धरून तिनं ते मागे ओढलं आणि जिथून सुटलं होतं तिथून पुन्हा बघायला लागली.